चाकाचं ऑइलिंग: निपल, फ्रीव्हील, हब... कुठे काय आणि किती?

किनारा_७००
नमस्कार मंडळी. सायकल ७००सी हायब्रिड. रिम अ‍ॅल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची. दोन्ही चाकांना ३६ आरे, निपल (आरा रिमला धरून ठेवणारे बारीक नट) पितळी, ब्रेक व्ही-ब्रेक. मागे ७ गिअरचं आट्यांवर बसणारं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा), हब म्हणजे चाकाचे मधले तुंबे छर्रे-कोनवाले (कोन म्हणजे अ‍ॅक्सलवरचा शंकूसारखा नट). गाव समुद्राकाठचं आणि सायकल पावसाळाभर रोज चालते. चेनला वेळच्या वेळी तेल मिळतं, चाकांना मात्र चार वर्षांत काहीच मिळालेलं नाही.

सध्याची तक्रार अशी:
१. बसून चालवलं की मागच्या चाकातून टिक-टिक येते. चाक उचलून हाताने फिरवलं की गप्प.
२. चाकाला आउट आहे (फिरताना डुलतं), पण निपल जागचे हलत नाहीत. जोर लावला तर दोघांचे कोपरे गोल झाले.
३. फ्रीव्हील कोरडं, किरकिरतं.

निपलला तेल दिलं तर आरे सैल पडतात असं सायकलवाले सांगतात. खरं आहे का? आणि कुठे ग्रीस, कुठे तेल, किती, हे कुणी नीट सांगेल का?

आरे_निपल_रिम
आधी निपल, कारण तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन तिथल्याच आहेत.

निपल दोन ठिकाणी घासतो. एक, आतले आटे जिथे आऱ्यावर बसतात तिथे. दुसरी जागा लोक विसरतात: निपलची टोपी रिमच्या भोकात जिथे टेकते ती बैठक. आरा ताणलेला असताना बैठकीतलं घर्षण आट्यांइतकंच त्रास देतं. खाऱ्या हवेत पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम ओले होऊन एकमेकांना चिकटून राहिले की रिमकडचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते आणि निपल जाम होतो. म्हणून तेल दोन्ही जागी द्यायचं.

टायर न काढता करायचं तर औषधाच्या दुकानातली २ मिलीची सिरिंज आणि बारीक सुई घ्या. तेल पातळ हवं, शिलाई मशीनचं उत्तम. चाक उभं धरा आणि सगळ्यात खाली असलेल्या निपलवर काम करा. तिथे आरा वरून निपलमध्ये शिरतो, त्यामुळे तेल आपोआप आट्यांत उतरतं. आरा निपलमध्ये शिरतो तिथे एक थेंब, निपल रिममध्ये शिरतो तिथे एक थेंब. चाक पुढे सरकवा, पुढचा निपल खाली आणा. ३६ आऱ्यांचे ७२ बारीक थेंब होतात. एका चाकाला दोन मिलीपेक्षा जास्त लागलं तर सुई जाड आहे किंवा हात सैल आहे. झालं की चाक जोरात फिरवा, तेल बाहेरच्या दिशेला म्हणजे बैठकीकडे ओढलं जातं. मग रात्रभर तसंच राहू द्या.

टायर-ट्यूब आणि रिमची पट्टी काढून केलं तर काम पक्कं होतं, आणि तुमचे निपल जाम आहेत म्हणजे तुम्हाला तेच करावं लागेल. इथे उलट: निपल सगळ्यात वर आणा, म्हणजे टोपी आकाशाकडे राहते आणि तेल आत झिरपतं. दुहेरी भिंतीच्या रिमला बाहेरच्या भोकातून लांब सुई घालून आतल्या भिंतीवरच्या टोपीपर्यंत पोचा. नुसतं भोकात तेल ओतलं तर ते दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत साचतं आणि पुढे महिनाभर व्हॉल्व्हच्या भोकातून गळतं.

पट्टी परत लावण्याआधी रिमचा आतला भाग स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. तेल राहिलं तर एक तर पट्टी चिकटणार नाही, दुसरं म्हणजे खनिज तेलाने ट्यूबचं रबर फुगतं. रिमच्या बाजूच्या पट्ट्या, जिथे ब्रेक धरतो, त्याही स्वच्छ फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसा. ब्रेकच्या रबरावर तेल गेलं असेल तर वरचा थर सँडपेपरने काढा.

टिक-टिकबद्दल: उचलल्यावर गप्प आणि बसल्यावर आवाज, म्हणजे वजन आल्यावरच काहीतरी सरकतंय. दोन आरे एकमेकांना ओलांडतात तिथे ते चिकटून असतात. कोरडे पडले की वजनाने एकमेकांवर घसरतात. प्रत्येक फुलीवर अर्धा थेंब टाका, ३६ आऱ्यांच्या चाकात अशा १८ फुल्या असतात. आवाज तरी राहिला तर सैल आरा शोधा: जोडीजोडीने मुठीत दाबत जा, बाकीच्यांपेक्षा मऊ लागेल तो.

ताण_आधी
वरचं सगळं बरोबर, पण "आरे सैल पडतात का" याचं उत्तर राहिलं, आणि तो प्रश्न फालतू नाही.

निपल जागेवर धरून ठेवतो तो आऱ्याचा ताण. ते गंजाचं काम नाही. पुरेसा ताण असलेल्या चाकाच्या निपलला तेल दिलं म्हणून काही सुटत नाही. पण मागचं चाक एकसारखं ताणलेलं नसतं. उजवीकडे फ्रीव्हीलला जागा द्यायला हबची कडा आत सरकलेली असते, त्यामुळे उजवे आरे कडक आणि डावे बरेच ढिले राहतात. खड्ड्यात चाक दबलं की खालचे डावे आरे क्षणभर ताण सोडतात, आणि तेवढ्यात निपल चिमूटभर फिरतो. चाक आधीच ढिलं असेल तर तेलाने हे लवकर होतं. सायकलवाले सांगतात ते या चाकांबद्दल खरं आहे. त्यावर उपाय ताण पुरा करणं हाच, आणि ताण द्यायला निपल फिरला पाहिजे. म्हणजे तेल लागणारच.

नवीन आरे बसवताना डाव्या बाजूच्या आट्यांना अळशीचं तेल लावा. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळतं. आरा ओढताना ते तेलाचं काम करतं, पुढच्या एक-दोन दिवसांत वाळून चिकट होतं आणि निपलला हलकं धरून ठेवतं. पाना लावला की पुन्हा सुटतंही. जुन्या गंजलेल्या आट्यांत मात्र ते शिरत नाही, तिथे पातळ तेलच. आणि एक गोष्ट गमतीत घेऊ नका: अळशीच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ते स्वतःहून तापून पेट घेऊ शकतं. पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता जाम निपल. क्रम महत्त्वाचा आहे.

चौकोनी पाना घट्ट बसणारा घ्या. सगळ्या मापांच्या खाचा असलेली गोल चकती निपल गोल करण्यासाठीच बनवली असावी असं वाटतं. निपलची मापं थोड्या फरकाची असतात, ३.२३, ३.३, ३.४५ मिमी वगैरे. खाच सैल हलत असेल तर ती तुमची नाही. रात्रभर तेल मुरल्यावर आधी पाव फेरा सैल करा, मग घट्ट. एकदम घट्ट करायला गेलात तर आटे फिरत नाहीत, आराच पिळला जातो. आऱ्यावर चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा. निपल फिरतोय आणि झेंडाही फिरतोय, तर तुम्ही आरा पिळताय. मग दुसऱ्या हाताने पकडीत चामड्याचा तुकडा घेऊन आरा निपलच्या अगदी वर धरा. सुटलेल्या निपललाही हवं त्यापेक्षा थोडं जास्त फिरवून तेवढंच मागे आणायची सवय ठेवा, म्हणजे पीळ उरत नाही. शेवटी समांतर आऱ्यांच्या जोड्या मुठीत दाबून आरे नीट जागी बसवून घ्या.

दिशेचा घोळ सगळ्यांचा होतो. टायरच्या बाजूने बघा: टोपीच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर आहे असं समजा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट. हबच्या बाजूने बघाल तर उलटं दिसेल.

गोल झालेले दोन निपल: टायर काढलेला असताना टोपीच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हरने बघा. नाहीच सुटले तर आरा कापून आरा-निपल दोन्ही नवे घाला. एका वेळी एकच कापा, नवा बसवून ताण देईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. कापलेला आरा उडतो, डोळ्यांवर चष्मा हवाच.

कोन_पाना_१५
फ्रीव्हील आणि हबचं मी सांगतो. दोघांची औषधं उलट आहेत आणि गोंधळ तिथेच होतो.

फ्रीव्हीलला ग्रीस नको. आत स्प्रिंगवर बसलेले कुत्रे, म्हणजे छोटे खटके, असतात, ते दात्यांत टपकन पडले पाहिजेत. दाट ग्रीसमध्ये ते चिकटतात, विशेषतः थंडीच्या सकाळी, आणि पेडल मारलं की फ्रीव्हील दोन्हीकडे मोकळं फिरतं. उभं राहून जोर लावताना असं झालं तर छाती हँडलवर.

चाक काढा, फ्रीव्हील वर येईल असं आडवं ठेवा, खाली जुनं वर्तमानपत्र. फिरणारा आणि न फिरणारा भाग यांच्यामधल्या फटीत सिरिंजने रॉकेल सोडा आणि फ्रीव्हील उलटं फिरवत राहा. काळं पाणी स्वच्छ येईपर्यंत. चाक उलटं करून तासभर निथळू द्या. घाई केली तर उरलेलं रॉकेल नवं तेल धुऊन नेईल. मग इंजिन ऑइलचे ८-१० थेंब, फिरवत फिरवत. किरकिर जाऊन टिकटिक मऊ झाली की थांबा. जास्तीचं तेल आऱ्यांवरून रिमकडे जातं.

फ्रीव्हील चार वर्षांत निघालं नसेल तर एकदा काढा. आटे १.३७५ इंच, इंचाला २४. रोज पेडल मारताना ते स्वतःला घट्ट करत असतं, वर खारी हवा. बहुतेक ७ गिअरच्या फ्रीव्हीलला १२ खाचांचा रिमूव्हर लागतो. रिमूव्हर बसवून त्यावर अ‍ॅक्सलचा नट हलका लावा, रिमूव्हर व्हाइसमध्ये पकडा आणि पूर्ण चाक स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. पहिला कट आवाज आला की नट लगेच सैल करा, नाहीतर पुढचा सगळा जोर अ‍ॅक्सलवर. परत लावताना हबच्या आट्यांना भरपूर ग्रीस.

हबला मात्र ग्रीसच. पिवळसर लिथियमचं एपी-३ कुठल्याही ऑटो स्पेअर्समध्ये मिळतं, १०० ग्रॅममध्ये कित्येक वर्षं निघतात. मागचं हब: डाव्या बाजूचा लॉकनट आणि कोन काढा, अ‍ॅक्सल उजवीकडून बाहेर. खाली ताट ठेवा. बहुतेक हबांत मागे दोन्ही बाजूंना ९-९ छर्रे, पाव इंची. पुढे १०-१०, ३/१६ इंची. तरी मोजून बघा. छर्रे भरल्यावर एकासाठी थोडी फट उरल्यासारखी दिसते, ती तशीच असते, जास्तीचा कोंबू नका. छर्रे फुकटात मिळाल्यासारखे स्वस्त आहेत, पूर्ण संच नवा घाला. जुने-नवे मिसळले तर मोठा असेल तो एकटाच भार घेतो.

कोन उजेडात फिरवून बघा. छर्रे फिरतात त्या पट्ट्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर कोन बदला, ग्रीसने खड्डे बुजत नाहीत. हबमधल्या वाट्या बहुतेक बदलता येत नाहीत, म्हणून कोन वेळेवर बदलणं परवडतं.

वाटीत ग्रीसची जाड कड द्या, छर्रे त्यात दाबा, वरून पुन्हा थोडं. चाकाचा वेग कमी असतो, त्यामुळे ग्रीस जास्त झालं तरी बेअरिंग तापणार नाही, आणि बाहेर येणारं ग्रीस धूळ-पाणी अडवतं. कोन बसवताना: क्विक रिलीजवाल्या हबला चाक सायकलबाहेर असताना केसभर खेळ ठेवा, लिव्हर आवळल्यावर अ‍ॅक्सल दबतो आणि खेळ जातो. नटवाल्या भरीव अ‍ॅक्सलला तो खेळ ठेवू नका. लॉकनट आवळताना कोन फिरतो, म्हणून कोन पान्याने (मागे बहुधा १५, पुढे १३) धरून आवळा. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात जमतं, चिडू नका.

काळी_२८
घरात कुणाकडे जुनी २८ची काळी सायकल असेल तर त्यातला फरक सांगतो. पुढे ३२, मागे ४० आरे, लोखंडी रिम. हबच्या मधोमध छोटं भोक आणि त्यावर स्प्रिंगची पट्टी असते. बऱ्याच जणांना ते काय आहे हेच माहीत नसतं. ते तेल घालायचं भोक. पट्टी सरकवा, इंजिन ऑइलचे ४-५ थेंब, पट्टी परत. महिन्यातून एकदा. हबमध्ये नवं ग्रीस भरलं असेल तर या भोकाला वर्षभर हात लावू नका, तेलाने ग्रीस पातळ होऊन वाहून जातं.

आणि ब्रेक सळईचा असेल तर त्याचं रबर रिमच्या आतल्या बाजूला, आऱ्यांच्या शेजारी घासतं. निपलला तेल द्याल तर नेमकं तिथेच उतरणार. त्यामुळे रिम पुसल्याशिवाय उतारावर जाऊ नका.

किनारा_७००
सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही. रात्रभर तेल मुरवल्यावर ३४ निपल सुटले. गोल झालेल्यांपैकी एक स्क्रूड्रायव्हरने सुटला, एक आरा कापावा लागला. टिक-टिक फुल्यांवर तेल दिल्यावर बंद.

दोन प्रश्न राहिले. शिलाई मशीनचं तेल संपलं तर खोबरेल चालेल का? आणि डब्ल्यूडी-४० हबमध्ये मारलं तर हब न उघडता काम होईल का?

कोन_पाना_१५
खोबरेल नको. २४-२५ अंशांखाली गोठतं, उरलेलं जुनं झालं की चिकट होतं आणि धूळ धरतं. तुमच्याकडे थंडी कमी, पण पहाटे गोठेल.

डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला आणि पाणी हटवायला ठीक आहे, जाम निपलवर खुशाल मारा. हबमध्ये मारलं तर आहे ते ग्रीस विरघळून बाहेर येतं. दोन दिवस चाक फार छान फिरतं, मग कोन खाल्ले जातात.

आरे_निपल_रिम
वेळापत्रक विचारलं नाहीत, तरी किनारपट्टीसाठी सांगतो. निपलला वर्षातून दोनदा: मे अखेरीस पावसाच्या आधी, आणि दसऱ्याला सायकल धुऊन हार घालायच्या आधी. फ्रीव्हीलला त्याच वेळी. हब दर दसऱ्याला उघडा. धुताना पाण्याचा पाइप हबच्या कडेवर धरू नका, सीलमधून आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. रिम डिस्क ब्रेकची असेल तर तेल द्यायच्या आधी डिस्क काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, त्यावर एक थेंब पडला तरी ब्रेक पॅड बहुतेक बदलावे लागतात.