गावपातळीवरील आरोग्याचे आकडे खुले करावेत का?

इरईकाठ:
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या २००९ च्या क्रमवारीत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. तरीही औष्णिक वीज केंद्रालगतच्या दुर्गापुरात दम्याचे रुग्ण इतर गावांपेक्षा जास्त आहेत का, हे जिल्ह्याच्या सरासरीतून कळणार नाही, कारण त्याच जिल्ह्यात ताडोब्याचे जंगलही येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नमुना वस्त्यांची ठिकाणे जाहीर करताना खासगीपणासाठी नकाशावर मुद्दाम सरकवतात: शहरी भागात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ पर्यंत, तर शंभरातील एखादी ग्रामीण वस्ती १० पर्यंत. इतक्या अंतरात चिमणीखालचे गाव आणि वाऱ्याच्या उलट दिशेचे गाव यांतला फरकच पुसला जातो. म्हणून आरोग्य उपकेंद्रनिहाय आकडे संशोधकांना खुले करावेत, असे माझे मत आहे.

अल्पविराम:
असहमत. सपाट प्रदेशातील उपकेंद्र साधारण ५ हजार लोकसंख्येचे असते. त्यात वय, लिंग आणि व्यवसाय असे तुकडे पाडले की एकेका रकान्यात दोघे-तिघेच उरतात, आणि गावात माणूस ओळखायला नाव लागत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात लतान्या स्वीनी यांनी नावे काढून टाकलेल्या रुग्णनोंदी मतदार यादीशी जुळवून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली होती. आपल्याकडे क्षयाची नुसती कुजबुजही ठरलेले लग्न मोडायला पुरते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संशोधनाला सशर्त सूट दिली आहे, त्यामुळे सगळी भिस्त त्या अटींच्या अंमलबजावणीवर राहते.

इरईकाठ:
दहापेक्षा लहान आकडा झाकावा आणि पाच वर्षांच्या नोंदी एकत्र द्याव्यात.

अल्पविराम:
एकच रकाना झाकला, तर तो एकूण बेरजेतून वजाबाकीने काढता येतो. शिवाय पाच वर्षे एकत्र केल्यावर राख सर्वाधिक उडाली ते वर्ष वेगळे कसे दिसणार?

पर्जन्यमापक:
आपण दोघेही आकडे बाहेर काढण्याविषयीच बोलत आहात. घराचे ठिकाण आरोग्य विभागातच राहू द्यावे. तिथेच त्याला चिमणीपासूनचे अंतर, वाऱ्याची दिशा आणि हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण जोडावे, आणि मग पत्ता व गाव काढून फक्त प्रदूषणाचा गट आणि आजार एवढेच संशोधकाला द्यावे. गट ढोबळ ठेवले, तर त्यांवरून घर शोधणे फार अवघड होते, आणि संशोधकाला हवी असलेली तुलना मात्र शाबूत राहते.

इरईकाठ:
कल्पना उत्तम आहे, पण वीज केंद्र चालवणारी महानिर्मिती राज्य सरकारची आणि आरोग्य विभागही राज्याचाच. गैरसोयीचा निष्कर्ष निघणार असेल, तर जोडणीच रखडणार नाही याची हमी कोण देणार? ही जोडणी वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीच्या देखरेखीखाली व्हावी आणि समितीत त्या गावच्या ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा.

अल्पविराम:
देखरेख मान्य. ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी अभ्यासाची अट ठरवायला जरूर बसावा, पण नोंदी त्याच्यासमोर ठेवू नयेत; रुग्णाला ज्यांच्यापासून आजार लपवायचा असतो, त्यांत पहिला नंबर गावातल्याच माणसांचा असतो.