आत्याचा मिंकचा कोट माँट्रियलला घालू की नको?

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, गोव्यात बसून विचारतेय म्हणून हसू नका. माझी मोठी आत्या १९६९ मध्ये नर्स म्हणून माँट्रियलला गेली ती तिथलीच झाली, मागच्या वर्षी वारली, आणि यंदा चतुर्थीला आतेभाऊ आला तो बॅगेतून तिचा फरचा कोट घेऊनच, म्हणाला आईने सांगून ठेवलं होतं हा तुला द्यायचा. मिंकचा आहे (मिंक म्हणजे मुंगसासारखं दिसणारं मऊ केसांचं जनावर), काळपट तपकिरी, गुडघ्याच्या खाली येतो. आमच्या सोप्यावर आत्याचा बर्फातला फोटो असायचा तो याच कोटातला, आम्हा पोरांना वाटायचं आत्या अस्वल झाली. घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की तिने पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून पैसे साठवून तो घेतला.

आता जानेवारीत मी लेकाकडे माँट्रियललाच जातेय, तो तिथे शिकतो. उणे वीस म्हणजे तिथे काही विशेष नाही म्हणे. कोट मला मापात बसतो. (चतुर्थीच्या उकाड्यात घरातल्या सगळ्या बायकांनी आळीपाळीने घालून फोटो काढले. गणपतीवर फळंपानं टांगलेल्या माटोळीखाली फरचा कोट आणि कपाळावरून घामाच्या धारा, बघण्यासारखं दृश्य होतं.)

पण माझी मुलगी म्हणाली, आई यात पन्नासेक जीव आहेत, मोजून बघ. मी खरंच मोजायला बसले तर शिवणच कुठे आहे कळेना. माझं म्हणणं, ते जीव पन्नास वर्षांपूर्वी गेले, मी कोट कपाटात ठेवला म्हणून परत येणार नाहीत, आणि नवीन फर मी कधीच घेणार नाही. हे सगळं बरोबर वाटतं, पण आरशात बघितलं तेव्हा जे छान वाटलं ना, तेच मला जास्त टोचतंय. मी नुस्तं म्हणजे मासे खाते, सोमवार आणि श्रावण सोडून, त्यामुळे फार सोवळेपणाचा आव आणत नाही. तुम्ही असतात तर काय केलं असतं?

बर्फातला_म्हापशेकर
घाल गे बिनधास्त. मी अकरा वर्षं ओटावाला काढली. तिथे जानेवारीत बसस्टॉपवर वारा लागतो तेव्हा सगळी फिलॉसॉफी कानातून बाहेर पडते. फर वापरायची नाही म्हणून तू दुकानात जाशील आणि पाच-सहाशे डॉलरचं डाऊन जॅकेट घेशील, त्यात काय भरलेलं असतं? बदकांची नाहीतर हंसांची पिसं. नाहीतर नकली फर घेशील, ती अॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर म्हणजे शेवटी प्लास्टिकच, धुतलं की बारीक धागे पाण्यात. कपाटात तयार कोट असताना नवीन वस्तू विकत घेणं हे कसलं पुण्य?

फरला विरोध करणारं कोणी अंगावर रंगबिंग टाकेल ही भीती मनातून काढ, मी तरी कधी बघितलं नाही. माझ्या घरमालकिणीकडे तिच्या आईचा होता, म्हातारी तो चर्चला घालून जायची. फक्त ओला झाला तर हीटरजवळ वाळवू नको, कातडं कडक होतं. झटकून हॅंगरला लावून मोकळ्या हवेत ठेवायचा.

देवळामागची
मला म्हापशेकरांचं अर्धं पटतं. मेलेला जीव दुसऱ्यांदा मरत नाही, मान्य. पण कोट ही काय लपून घालायची वस्तू आहे का? तुला माहीत आहे हा आत्याचा, १९७० च्या आसपासचा. मेट्रोत समोर बसलेल्या मुलीला काय माहीत? तिला एवढंच दिसणार की बाई फर घालून मिरवतेय आणि छान दिसतेय. "छान दिसतं" हीच तर त्या धंद्याची जाहिरात, दुसरी कसली लागते त्याला. तुला आरशात टोचलं ते हेच असणार.

आणि हा धंदा काही इतिहासजमा झालेला नाही. मिंक वीतभर जाळीच्या पिंजऱ्यात वाढवतात, एप्रिल-मेमध्ये जन्म आणि हिवाळी केस भरले की नोव्हेंबर-डिसेंबरात गॅसने मारायचे, म्हणजे सात-आठ महिन्यांचं आयुष्य. त्यातही ते मुळात पाण्याकाठी एकटं हिंडणारं जनावर. २०२० मध्ये डेन्मार्कमध्ये मिंकमधून बदललेला कोरोना माणसांत आला म्हणून सरकारने दीड कोटीच्या वर मिंक एका फटक्यात मारायला लावले, तेव्हा लोकांना आकडा कळला. इंग्लंडच्या राणीनेसुद्धा २०१९ पासून नवीन कपड्यांना नकली फर लावायचं ठरवलं, जुने फरचे कपडे मात्र ठेवले. म्हणजे तुझ्याच प्रश्नाचं तिने मधलं उत्तर काढलं. मला ते उत्तर अर्धवट वाटतं पण सांगून ठेवते.

पेडण्याचा_पाव
@देवळामागची बाय, देवळाच्या मागे राहता म्हणून विचारतो, पुजेला सोवळं नेसता ते कसलं? रेशीमच ना. कोष उकळत्या पाण्यात टाकतात तेव्हा आत किडा जिवंतच असतो, आणि एका साडीला कोष हजारांनी लागतात. तिथे पन्नास मिंक म्हणजे किस झाडकी पत्ती. आम्हाला मिंक गोंडस दिसतो, डोळे आहेत, मिश्या आहेत, म्हणून दया. किड्याला कोण विचारतो!

देवळामागची
@पेडण्याचा_पाव बरोबर पकडलंत. सासूबाईंचं पितांबर आहे, अजून नेसते. नवीन रेशीम घेणं बंद केलंय हे खरं, पण मग तेही फोंडेकरणीसारखंच झालं की, जुनं वापरायचं आणि नवीन नको म्हणायचं. हैदराबादचे कुसुमा राजय्या पतंग उडून गेल्यावर रिकाम्या कोषाचं सूत काढतात, त्याला अहिंसा सिल्क म्हणतात, ती साडी एकदा हातात घेऊन बघितली होती. चमक कमी असते. मी घेतली नाही. आता का घेतली नाही ते विचारू नका.

सत्तरीचा_गडी
नीतीचं नंतर बघा, आधी तो मिंकच आहे ना हे पक्कं करा. "आत्या म्हणायची" याला पुरावा म्हणत नाहीत. जुन्या कोटांत ऑसेलॉट (ठिपक्यांचं रानमांजर), बिबट्या असले प्रकार सर्रास असायचे, ठिपके असतील तर हात लावायच्या आधी विचारा, कारण ते साईटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या यादीत आहेत आणि देशाची हद्द ओलांडताना अडकाल. अमेरिकन मिंक त्या याद्यांत नाही. तरी आपल्याकडे २०१७ च्या जानेवारीपासून मिंक, कोल्हा, चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद आहे, म्हणजे विषय सरकारच्या नजरेत आहे. मोपा विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडली तर तुम्ही आत्याच्या सोप्यावरच्या फोटोची गोष्ट सांगणार का? आतेभावाकडून आईने दिल्याचं पत्र घ्या, तो जुना फोटो बरोबर ठेवा, आणि निघायच्या आधी पणजीला वनखात्यात नाहीतर कस्टममध्ये जाऊन विचारून या.

आता माझी गोष्ट. आमच्या आजोबांच्या खोलीत बिबट्याचं कातडं होतं, त्यावर बसून जप करायचे. बाबा गेले तेव्हा कळलं की असली वस्तू वारशाने मिळू शकते, पण मिळाल्यापासून नव्वद दिवसांत वनखात्याला कळवावं लागतं, विकता तर येतच नाही. २०२२ च्या दुरुस्तीने असल्या वस्तू आपणहून सरकारजमा करायची सोय केलीय, पैसे मिळत नाहीत, नुसता कागद मिळतो. आम्ही जमा केलं. काका अजून बोलत नाही माझ्याशी, म्हणतो आजोबांचं आसन दिलंस. खरं सांगू? २०२० मध्ये गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले, ते आमच्या घरापासून फार लांब नाही. वाघरोला, म्हणजे वाघदेवाला, नारळ फोडणारी माणसं आम्ही. त्यानंतर त्या कातड्याकडे बघवत नव्हतं. आजोबांचा राग नाही आला, त्यांचा काळ वेगळा. माझ्या घरात ते भिंतीवर नको एवढंच.

बर्फातला_म्हापशेकर
@सत्तरीचा_गडी पण बिबट्या आणि फार्मवरचा मिंक यात फरक आहे की रे. जंगलातला बिबट्या कमी झाला तर जंगल कमी होतं.

सत्तरीचा_गडी
आहे फरक, जंगलाच्या हिशोबात. पिंजऱ्यातल्याच्या हिशोबात काय फरक?

टाके_आणि_टिपा
शिवणकाम शिकवते म्हणून बोलते, बाकी वादात पडत नाही. मोजता आले नाहीत कारण चांगल्या मिंक कोटात एकेक कातडं बोटापेक्षाही बारीक तिरक्या पट्ट्यांत कापून पुन्हा सरकवून शिवतात, म्हणजे आखूड कातडं लांब होतं आणि वरून एकच सलग पट्टा दिसतो. त्यामुळे आतून अस्तर उसवल्याशिवाय आकडा कळणार नाही. लांब कोटाला पन्नास-साठ हा अंदाज मात्र बरोबर आहे.

दुसरं, तो घालण्यासारखा आहे का ते तरी बघितलंत? फर ठेवायला थंड आणि बेताची कोरडी हवा लागते, तिकडे त्यासाठी गारेगार खोल्या भाड्याने मिळतात. आपल्या पावसात कपाटातल्या चपलेवर बुरशी येते तिथे फरचं काय होणार. फुंकर मारून केस बाजूला करा, खालचं कातडं मऊ आहे का बघा. काखेत आणि खिशाच्या तोंडाशी हलकं ताणा. कागदासारखा आवाज आला तर संपलं, मग नीतीचा प्रश्नच उरत नाही. डांबरगोळ्या काढा, तो वास वर्षभर जात नाही. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, सुती चादर गुंडाळा. आणि हो, अस्तराच्या आत डाव्या बाजूला बघा, पूर्वी मालकिणीच्या नावाची अक्षरं रेशमाने भरायची पद्धत होती.

फोंडेकरीण
सगळ्यांचे आभार, आणि पावबाबांचे विशेष, आमच्या घरी रेशमावरून रात्री अकरापर्यंत चर्चा चालली.

टाके_आणि_टिपा, तुम्ही म्हणालात तसं आज दुपारी कोट पलंगावर पसरला. कातडं ठीक आहे, फक्त उजव्या काखेत चार बोटं उसवलंय. ठिपकेबिपके नाहीत. आणि डाव्या बाजूला अस्तरात अक्षरं आहेत, फिक्या सोनेरी धाग्याची, इंग्रजीत एम, ई, डब्ल्यू. आत्याच्या नावात, तिच्या सासरच्या-माहेरच्या आडनावात यातलं एकही अक्षर नाही.

लगेच आतेभावाला फोन लावला. तो आधी गप्प, मग हसायला लागला. म्हणाला आईने तो सेकंडहँड घेतला होता, हॉस्पिटलमधल्या कुणा पेशंट बाईच्या घरचे विकत होते, गोव्याला कळवलं नाही कारण दुसऱ्याचा उतरलेला कपडा म्हटल्यावर आजीने घरात घेतलं नसतं. आणि ९० नंतर तिने तो घातलाच नाही, का ते तिने कधी सांगितलं नाही. त्याला वाटायचं जड होतो म्हणून.

म्हणजे मी आठ दिवस आत्याच्या पापाचा विचार करतेय आणि पहिली खरेदी तिचीही नाही. देवळामागची, तुमचा मुद्दा मात्र यातून सुटत नाही, मेट्रोतल्या मुलीला एम. ई. डब्ल्यू. दिसणार नाही आणि मीही दिसणार नाही, नुसता कोट दिसेल. लेकाला विचारलं तर म्हणाला आई, माझं जुनं जॅकेट आहे, तू फक्त ये, आणि येताना सुके बांगडे आण. (तेही कस्टमला दाखवावे लागतील का?)

तूर्त ठरवलंय असं, कोट बरोबर नेणार नाही. पेटा या प्राणिहक्कवाल्या संस्थेचे लोक जुने फर कोट गोळा करून बेघर लोकांना देतात असं मुलीने शोधून काढलंय, पण इथून पाठवायचं कुठे आणि कसं ते बघावं लागेल, आणि खरं सांगायचं तर हातातून सुटतही नाहीये अजून. सत्तरीचा गडी, तुमचा काका बोलायला लागला तर कळवा. आणि टाके_आणि_टिपा, चार बोटं उसवलेली काख घरच्या सुईने शिवता येते का? घालायला नाही, तसं उसवलेलं ठेवायला बरं वाटत नाही.