मदत हवी आहे: यूएसबी उपकरणांसाठी कर्नेल ड्रायव्हर की लिबयूएसबी?

मंडळी, लिनक्सवर एकाच पायथन प्रोग्रॅममधून तीन उपकरणं चालवायची आहेत: ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय आणि डेटा लॉगर. पहिली दोन यूएसबीटीएमसी (मोजमापाच्या उपकरणांसाठीचं यूएसबी मानक) क्लासची. केबल लावली की कर्नेलचा ड्रायव्हर ती ताब्यात घेतो आणि /डेव्ह/यूएसबीटीएमसी0 अशी फाइल दिसते. तिच्यात '*आयडीएन?' (उपकरणाची ओळख विचारणारी आज्ञा) लिहायचं आणि तिथूनच उत्तर वाचायचं, झालं काम. लॉगरचा प्रोटोकॉल मात्र कंपनीचा स्वतःचा, इंटरफेस क्लास 0एक्सएफएफ, म्हणजे 'कंपनीचा खास'. कर्नेल त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

म्हणून तिन्ही पाययूएसबी या पायथन मॉड्यूलमार्फत लिबयूएसबीवर (कर्नेल ड्रायव्हर न लिहिता साध्या प्रोग्रॅममधून यूएसबीशी बोलू देणारी लायब्ररी) आणायला घेतली, तर स्कोप 'रिसोर्स बिझी' म्हणतो. सप्लायची तऱ्हा वेगळी. वाचन चालू असताना कंट्रोल-सी दाबलं, की पुढच्या वेळी व्होल्टेज विचारावं तर करंटचा आकडा येतो! कधीकधी -410 एररही. केबल काढून पुन्हा लावली की ताळ्यावर.

एक सहकारी म्हणतो, लॉगरसाठी कर्नेल ड्रायव्हरच लिही, वेग मिळेल. मला पटत नाहीये, पण ठामपणे खोडताही येत नाही. काय करावं?

प्रतिसाद १

लॉगरसाठी कर्नेलमध्ये शिरू नका. ड्रायव्हर कर्नेलमधला असो की लिबयूएसबी, शेवटी होस्ट कंट्रोलर तोच आणि हाय-स्पीडची 480 मेगाबिटची मर्यादाही तीच. वेग कमी पडतो तो बहुधा एक ट्रान्सफर संपल्यावर दुसरी मागितल्यामुळे. असिंक्रोनस (उत्तराची वाट न बघता मागितलेल्या) ट्रान्सफर चार-पाच आधीच रांगेत लावून ठेवा. शिवाय तुमच्या कोडमधला चुकीचा पॉइंटर लिबयूएसबीत फक्त प्रोग्रॅम पाडेल, कर्नेलमध्ये अख्खं मशीन. उपकरण साउंड किंवा नेटवर्कसारख्या तयार व्यवस्थेत बसवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

'बिझी' येतं कारण इंटरफेसचा मालक एका वेळी एकच. इंटरफेस क्लेम करण्याआधी (ताब्यात घेण्याआधी) कर्नेल ड्रायव्हर डिटॅच करा, म्हणजे त्याच्याकडून सोडवा. पण मुळात स्कोप आणि सप्लाय तिथून हलवताच कशाला? पायथनला फाइल उघडता येते की.

-410 म्हणजे 'क्वेरी इंटरप्टेड': आधीचं उत्तर उचललंच नाही आणि नवा प्रश्न आला. यूएसबीटीएमसीत प्रत्येक मेसेजला 12 बाइटचं हेडर असतं. त्यात दुसरा बाइट बीटॅग (मेसेजचा क्रमांक), 1 ते 255, आणि तिसरा त्याचाच उलटा, म्हणजे सगळे बिट उलटवलेला. उत्तरात तोच बीटॅग परत येतो. तो तपासला नाही तर शिळं उत्तर ताजं म्हणून खपतं. मध्येच तोडलं तर इनिशिएट क्लिअर ही कंट्रोल रिक्वेस्ट पाठवा, स्टेटस 'पेंडिंग' सांगणं थांबेपर्यंत विचारत राहा, मग बल्क-आउटचा (उपकरणाकडे डेटा नेणाऱ्या वाटेचा) हॉल्ट काढा. कर्नेल ड्रायव्हरकडे हे सगळं एका आयऑक्टलमध्ये (ड्रायव्हरला थेट आज्ञा देणाऱ्या कॉलमध्ये) आहे. लिबयूएसबीवर तुम्हालाच लिहावं लागतं, आणि बहुतेक जण इथेच कंटाळा करतात.

धागाकर्ता

धन्यवाद! स्कोप आणि सप्लाय परत कर्नेलवर नेले. क्लिअर आयऑक्टल घातल्यापासून सप्लाय मुकाट्यानं बरोबर उत्तरं देतोय. लॉगर लिबयूएसबीवर, पण सुडोशिवाय (अ‍ॅडमिन अधिकारांशिवाय) उघडत नाही. यूएसबीटीएमसीसाठी यूडेव्ह (उपकरणांच्या फाइलींना परवानग्या देणारी व्यवस्था) नियम आहे, तरीही?

प्रतिसाद १

तो नियम /डेव्ह/यूएसबीटीएमसी0 पुरता असेल. लिबयूएसबी /डेव्ह/बस/यूएसबी खालचा नोड उघडतं, त्याची परवानगी वेगळी. लॉगरचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी घालून सबसिस्टम 'यूएसबी' असलेला नवा नियम लिहा, ग्रुप द्या, नियम रीलोड करा आणि केबल पुन्हा लावा.