मदत हवी आहे: 'धर्माचा प्रभाव' लोकांना विचारायचा कसा?

नमस्कार मंडळी,

समाजशास्त्रात एम.ए. करतेय. लघुशोधप्रबंधाला विषय घेतलाय कोल्हापूरच्या तालमींचा. इथल्या बऱ्याच तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमला पंजाही (पीराचं प्रतीक म्हणून पुजतात तो धातूचा हात). बाबूजमाल दर्ग्याच्या तर दारावरच गणपती आहे, आणि कुरुंदवाडला गणपती मशिदीत बसतो. या माणसांच्या रोजच्या जगण्यात धर्म नेमकं काय करतो, हे मला शोधायचंय.

अडलंय ते प्रश्नावलीपाशी. 'धर्माचा तुमच्या जीवनावर कितपत प्रभाव आहे?' आणि पुढे पाच चौकोन. उत्तर ठरलेलं: "आमच्या आज्ज्यापासनं चालत आलंय, आमाला काय म्हाइत न्हाई." एका तालमीत एक काका चिंचेनं पितळी पंजा घासत बसले होते, घरचे मराठा. त्यांनीही हेच सांगितलं. कागद पिशवीत टाकला, चहा आला, तेव्हा आपणहून बोलले, "पंजा बसला की धा दिवस बाटलीला शिवत न्हाई. गणपतीत बी न्हाई. मंडळी तर वाट बघतीया ह्या दिवसांची."

आता हे कुठल्या चौकोनात बसवू?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डुर्खाइमच्या 1912च्या मांडणीत धर्म माणसांना एका समूहात बांधतो. तालमीला ते चपखल लागू पडतं. पण काकांचं व्यसन दहा दिवस कोण थांबवतं, समूह, की पंजाची भीती? गाइड म्हणतात आकडे हवेतच.

कुणी असं क्षेत्रकाम केलंय का? आणि तालमीत सगळे पुरुष, तिथं बायकांचं म्हणणं कसं मिळवायचं?

प्रतिसाद

ताई, 'का' विचारू नका, 'काय करता' विचारा. ऊद कोण घालतं, वर्षभर पंजा कुणाच्या घरी असतो, नवस कशाचा होता, या दिवसांत काय वर्ज्य. वर्ज्य गोष्टी मोजता येतात, गाइडनाही आकडे मिळतील. तालमीची वर्गणीची वही जरूर बघा. नावं, पेठा, रकमा, सगळं त्यात असतं.

बायकांचं म्हणणं हवं तर मोहरमचे चोंगे (गोड रोट्या) करतात त्या घरी जा. पीठ मळताना त्या जे बोलतील ते तालमीत जन्मात ऐकायला मिळणार नाही. टेप लगेच काढू नका.

आणखी एक. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून मोहरम मागं सरकत जातो आणि साधारण 33 वर्षांनी गणपतीशी पुन्हा गाठ पडते. 2018 ते 2020 सलग तसं झालं. पैकी 2020 कोरोनात गेलं, पण 2018 आणि 2019ला मंडप, वर्गणी, कार्यकर्ते कसे वाटून घेतले ते विचारा. ताजं आहे, लोक भरभरून सांगतील. काकांना मात्र परत भेटा, अकराव्या दिवशी.

धागाकर्ती

अकरावा दिवस डोक्यातच आला नव्हता! धन्यवाद दादा. चोंगे करणारं एक घर मावशीच्या गल्लीतच आहे, तिथूनच सुरुवात करते.