घरातलं कोण कुठून आलं आणि कोण कशाने गेलं, तुमचे अनुभव सांगा

मागच्या महिन्यात चष्म्याचा नंबर बदलायचा म्हणून डोळे दाखवायला गेले होते. डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर बघितलं, परत एकदा बघितलं आणि विचारलं, घरात कोणाला काचबिंदू होता का? मी पटकन नाही म्हणून टाकलं आणि मग घरी येईपर्यंत रिक्षात तेच डोक्यात, की मी नाही म्हणाले ते कशाच्या जोरावर?

माझी आजी, आईची आई, माजघरातून न्हाणीपर्यंत भिंतीला हात लावून चालायची. त्या भिंतीवर कमरेच्या थोडं वर एक तेलकट काळपट पट्टा उमटला होता, दिवाळीला चुना मारला तरी दोन महिन्यांत परत दिसायला लागायचा, आम्ही पोरं त्याला बोट लावून पळायचो. समोरचं तिला नीट दिसायचं, तांदूळ निवडायची, वातीही वळायची, पण बाजूला ठेवलेल्या बादलीला हमखास अडखळायची. सगळे म्हणायचे वय झालं. आता कळतंय की काचबिंदूत बहुतेक वेळा कडेची नजर आधी जाते आणि गेलेली परत येत नाही, औषधाने उरलेली तेवढी राखता येते. माझी फील्ड टेस्ट झाली, त्यात बारीक ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात मी बटण दाबलंच नव्हतं. मला वाटलं तिथे ठिपके आलेच नाहीत.

आजोळच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे, चांगला जाडजूड. कोण कोकणातून घाटावर कधी आलं, कोणाला इनाम मिळालं, सगळं आहे. आजी त्यात एका ओळीत आहे. तिच्या डोळ्यांबद्दल कोण लिहिणार होतं? म्हणून विचारतेय, तुम्ही घराण्याचं शोधायला गेलात तेव्हा काय हाती लागलं? आजारपणाचं, बायकांचं, गाव सोडल्याचं, काहीही सांगा, लांबलं तरी चालेल.

—

ताई, आमचा अनुभव त्र्यंबकेश्वरचा. वडिलांचं कार्य करायला गेलो होतो, गाव आणि आडनाव सांगितल्यावर आमचे तीर्थोपाध्ये कोण ते तिथल्याच एका माणसाने दाखवून दिलं. त्यांनी लाल फडक्यात बांधलेली लांबट वही काढली, जुनी पानं मोडीत, मग बाळबोध, शेवटी माझ्या आजोबांची सही, र ला तसाच झोका जसा वडील द्यायचे. मी बराच वेळ त्या सहीवर बोट ठेवून बसलो. आणि त्याच्या आधीच्या पानावर पणजोबांच्या नावाखाली बायकांची दोन नावं. आम्हाला एकच पणजी माहीत होती. गुरुजींनी शांतपणे सांगितलं, पहिली वारली असेल, दुसरं लग्न झालं असेल. घरी येऊन ९० वर्षांच्या आत्याला विचारलं तर ती म्हणाली, हो, पहिलीच खरी आमची आजी, बाळंतपणात गेली, दुसरीला वाईट वाटू नये म्हणून तिचं नाव घरात कोणी काढायचं नाही. म्हणजे आम्ही तिच्या पोटचे आणि तिचं नावच माहीत नाही! यंदा पितृपक्षात तिचं नाव घेऊन पाणी सोडलं.

—

आमच्याकडं हेळवी यायचे. मिरज, जत, चिक्कोडी ह्या पट्ट्यातल्या लोकांना माहीत असेल. सुगी झाली की पहाटे बैलावर बसून दारात येणार आणि एका दमात पिढ्या म्हणायला लागणार, ह्याचा हा, त्याचे चार, त्यातला एक अमुक गावाला गेला. आई सुपात जोंधळे घेऊन उभी राहायची, वर एखादं लुगडं. आता मोटारसायकलवर येतात, वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. गेल्या खेपेला मी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. त्यांनी माझ्या मुलाचं नाव लिहून घेतलं तेव्हा मी म्हटलं मुलीचंही लिहा, तर थोडे थांबले आणि लिहिलं. मुलगी शेजारी उभी राहून स्वतःचं नाव वाचत होती.

—

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्या घरी वंशावळ वगैरे काही नाही, पण आजाराची वंशावळ आम्हाला काढावी लागली. माझा भाऊ लहानपणापासून रोवणीच्या दिवसांत आजारी पडायचा. दिवसभर पावसात, बांधीतल्या थंड पाण्यात उभा राहिला की रात्री हातपाय असे दुखायचे की तो दातात टॉवेल धरून रडायचा आणि सकाळी लोक म्हणायचे कामाचा कंटाळा करते पोरगा. बाबाही म्हणायचे. १९ व्या वर्षी तपासणी झाली तेव्हा सिकलसेल निघाला, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, रिपोर्टवर एसएस, म्हणजे पूर्ण आजार. मग आमची सगळ्यांची इलेक्ट्रोफोरेसिस नावाची रक्ततपासणी झाली, आई एएस म्हणजे वाहक, बाबा एएस, मी एएस. वाहकाला सहसा त्रास होत नाही, म्हणून कोणाला कधी कळलंच नाही, आणि दोघंही वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याचा २५ टक्के धोका असतो. सिस्टरने आईला घरातली माणसं विचारत कागदावर बायांचे गोल आणि पुरुषांचे चौकोन काढले. दोन मामा लहानपणीच गेले होते, आई म्हणाली अंग दुखून दुखून, पिवळे पडून गेले, लोक म्हणायचे बाहेरचं आहे. त्या चौकोनांवर रेघ मारताना सिस्टर एकदम गप्प झाल्या. भाऊ आता त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध घेते, खूप फरक आहे. माझ्या लग्नाच्या वेळी मी आधी मुलाची तपासणी मागितली, पाहुणे नाराज झाले, झाले तर झाले. बाबांनी भावाला एकदा जवळ बसवून सांगितलं की माझी चूक झाली. आमच्याकडे बाप असं बोलत नाही, म्हणून लिहिलं.

—

वरचं वाचून गलबललं. आमचं थोडं वेगळं, २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम जोरात सुरू झालं तेव्हा गावातले सगळेच तहसीलला, तसा मीही. जुनं कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूच्या नोंदी, सगळ्या मोडीत, वाचणाऱ्याला पानामागे पैसे द्यावे लागले. जातीचा रकाना बघायला गेलो होतो पण १९१८ ची पानं आली तेव्हा वाचणारे काका मध्येच थांबले. ऑक्टोबरमध्ये आमच्याच आडनावाचे पाच मृत्यू, नऊ दिवसांत, कारण सगळ्यांपुढे ताप. मानमोडीची म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आजी नुसता शब्द वापरायची, मानमोडीत घर बसलं म्हणून. सहा वर्षांचा एक मुलगा राहिला, तो माझा पणजोबा. त्याला त्याच्या आत्याने वाढवलं, तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही कारण ती लग्न होऊन दुसऱ्या गावची. त्या गावाला मी मागच्या उन्हाळ्यात जाऊन आलो, तिची पणतसून भेटली, तिने पाणी दिलं, चहा दिला, म्हणाली आमच्यात अजून सांगतात की म्हातारीने भाच्याला कडेवर घेऊन रात्रीत ओढा ओलांडला.

—

आमचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. वडील सातबारा जपून ठेवायचे, जमीन तळाशी असली तरी. अजून काय लिहू, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते काठावर जाऊन बसायचे.

—

सगळ्यांचं वाचलं, दोनदोनदा वाचलं. चंद्रपूरच्या ताई, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

काल डोंबिवलीला मावशीला फोन केला, आजीचं विचारायला म्हणून. ती म्हणाली, अगं तिचीही आई तशीच चाचपडायची, आम्हाला वाटायचं त्यांच्या घरात बायका लवकर म्हाताऱ्या होतात. मग जरा थांबली आणि म्हणाली, मीसुद्धा हल्ली संध्याकाळनंतर रस्ता ओलांडत नाही, कडेने आलेली रिक्षा दिसत नाही एकदम. कोणाला बोलली नव्हती, सुनेलाही नाही. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, सकाळच्या गाडीने मी जातेय तिच्याकडे.