शांततेने कायदा मोडला तर समाजाचं भलं होतं का?

परळकर: लेकीला कॉलेजात वादविवादासाठी हा विषय मिळालाय. वडाळ्याच्या मिठागरांवरचा १९३०चा सत्याग्रह सांगितला, तर म्हणते, "पण मिठावरचा कर त्याने गेला कुठे?" काय सांगू?

गोरेगावची मावशी: पोरीचा प्रश्न रास्त आहे. कर राहिलाच. पण १९३१च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यालगतच्या लोकांना घरापुरतं मीठ करायची मुभा मिळाली. आणि बायका घराबाहेर पडल्या, तुरुंगात गेल्या, हे मला जास्त मोलाचं वाटतं. पुढे महागाईविरुद्ध समाजवादी नेत्या मृणालताई गोऱ्यांबरोबर लाटणी घेऊन निघाल्या, त्यांत माझी आई होती. घरी आल्यावर त्याच लाटण्याने पोळ्या!

दादरकर: महाड विसरू नका. चवदार तळं नगरपालिकेने कागदावर १९२४लाच खुलं केलं होतं. पाणी मात्र कुणी भरू देईना. २० मार्च १९२७ला बाबासाहेब तिथलं पाणी प्यायले. म्हणजे मोडली ती रूढी, कायदा नव्हे! लोकांनी डोकी फुटेस्तोवर मार खाल्ला, तरी बाबासाहेबांनी कुणाला उलट हात उचलू दिला नाही. मुंबई हायकोर्टाचा निकाल बाजूने लागला १९३७मध्ये. दहा वर्षं लागली. लेकीने हे लपवू नये, ठणकावून सांगावं.

परळकर: आज रात्रीच सांगतो तिला. मावशी, आईंची आठवण तिने भाषणात घेतली तर चालेल ना?

गोरेगावची मावशी: खुशाल घे म्हणावं.