मदत हवी आहे: रोहिणीच्या सरीवर रोपं लावू की मृगाची वाट बघू?

मंडळी, जळगावात गच्चीवर बाग आहे. भरताच्या वांग्याची रोपं ट्रेमध्ये तयार आहेत, गिलक्याचं बी आणून ठेवलंय. काल संध्याकाळी वादळ सुटलं, विजा कडाडल्या, टपोऱ्या थेंबांची एक सर आली आणि आज परत तीच काहिली. हवामान खातं म्हणतं 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस'. जिल्हा केवढा, त्यात माझी गच्ची कुठली! मोबाइल ६० टक्के शक्यता दाखवतो. म्हणजे ६० टक्के वेळ पाऊस नव्हे, एवढं कळतं, पण त्यावर रोपं लावायची का?

सासूबाईंचं म्हणणं, वळवाला भुलू नको, मृग (साधारण ८ जून) लागू दे, वारा पश्चिमेकडून सलग वाहू दे. पटतंय, पण रोपं ट्रेमध्येच उंच सुटायला लागलीत.

वळीव संपून खरा मोसमी पाऊस आला हे तुम्ही कशावरून ओळखता? रात्रीचा उकाडा, वारा, ढगांची ठेवण? आणि शेडनेट कधी काढता? (वादळात ती फाटतेच, ते वेगळं.) धुळे-नंदुरबारकडच्यांनीही सांगा, सातपुड्याच्या पायथ्याशी काय अनुभव आहे?